शस्त्रप्रसूति व मुहूर्त

गेल्या श्रावणाच्या अखेरीस आमचे एक जुने स्नेही सकाळच्या प्रहरीं आमच्याकडे आले. काखेंत पंचांग, हातांत डॉक्टरबाईंचा कागद. आम्हीं उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविल्यामुळें मुहूर्त, तिथि, नांवाचें अक्षर यांविषयीं विचारावयास येणारीं माणसें पुष्कळ. ज्योतिष हा आमचा विषय नव्हे हें कितीदां सांगितलें तरी तीं ऐकत नाहींत. चहा होतांच त्यांनीं मूळ गोष्ट काढली. सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत; पहिल्या खेपेस 'सिझर' झालें होतें, याही खेपेस तेंच करावयाचें; डॉक्टरबाईंनीं भाद्रपद वद्य चतुर्थीच्या सुमाराची तारीख लिहून दिली आहे. "म्हणजे ऐन पितृपक्षांत, मास्तर! पक्षांत का कुठें पाळणा हालवायचा? त्यापेक्षां बारा दिवस अलीकडे घेतलें तर गौरींचें आवाहन येतें. मुलगी झाली तर साक्षात् लक्ष्मीच. तुम्ही तेवढी वेळ काढून द्या. इस्पितळांत मी सांगतों."

पंचांग उघडण्यापूर्वीं आम्हीं एकच प्रश्न केला: "शस्त्रक्रिया कशासाठीं करावयाची?"

आमचे स्नेही गोंधळले. "एकदां सिझर झालें म्हणजे पुढें सिझरच," असें ते म्हणाले. पहिलें कशासाठीं झालें होतें, हेंही त्यांस सांगतां येईना. तीन वर्षांपूर्वींचें इस्पितळाचें बिल त्यांनींच भरलें होतें आणि त्यांतील रकमा त्यांस अजून तोंडपाठ होत्या. कारण मात्र ठाऊक नव्हतें. सायंकाळीं आम्ही सपत्नीक त्यांच्या घरीं गेलों. सासूबाईंस विचारलें, तेव्हां "हल्लींच्या मुलींना कळा सोसत नाहींत" असें उत्तर मिळालें. शेवटीं सूनबाईंनींच सांगितलें, "गुरुजी, पहिलें बाळ आडवें होतें, म्हणून करावें लागलें. या वेळीं डोकें खालीं आहे. आपोआप कळा आल्या तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करून पाहूं, नाहीं आल्या तर एकोणचाळीस आठवडे पुरे झाल्यावर ठरवूं, असें डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत. पण बाबांनीं तर तारीखच काढायला घेतली."

या घरांत पांच पदवीधर आहेत, आणि सात पिढ्यांचा वंशवृक्ष कांचेच्या चौकटींत भिंतीवर लावलेला आहे. अशा घरांतही ही गोष्ट कोणी विचारीत नसेल तर इतरत्र काय असेल, असें वाटून या महिन्याचें सदर आम्हीं या विषयास द्यावयाचें ठरविलें. आम्ही वैद्य नव्हे. परंतु आमच्या हाताखालीं रघुवंशाचे सर्ग शिकलेली एक विद्यार्थिनी आज प्रसूतितज्ज्ञ आहे. तिच्यापुढें आम्ही दोन संध्याकाळ विद्यार्थी होऊन बसलों. पुढें जें वैद्यक आहे तें तिचें, मतें आमचीं.

विषय आपणांकडे नवा नाहीं. मूढगर्भ, म्हणजे वाटेंत अडकलेला गर्भ, यावर सुश्रुतानें निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिले आहेत. गर्भ कसकसा अडतो हें सांगतांना त्यानें जीं नांवें योजिलीं आहेत त्यांत एक 'परिघ' असें आहे. परिघ म्हणजे दरवाजाचा अडसर. अडसर घातलेलें दार कितीही ढकललें तरी उघडत नाहीं. तसें मूल आडवें असलें म्हणजे आईनें कितीही कळा दिल्या तरी तें बाहेर येत नाहीं. याहून नेमकी उपमा आमच्या विद्यार्थिनीसही सुचेना. मूढगर्भ काढण्याइतकें कठीण शस्त्रकर्म दुसरें नाहीं, कारण तेथें वैद्यास डोळ्यांनीं न पाहतां केवळ स्पर्शानें काम करावें लागतें, असें सुश्रुत म्हणतो, आणि म्हणून आधीं अधिपतीची अनुज्ञा घ्यावी असें बजावतो. पूर्ण दिवसांची गर्भिणी मरण पावली असून तिच्या पोटांत स्पंदन दिसत असेल, तर त्याच क्षणीं पोट चिरून मूल काढावें, हेंही त्यानें सांगून ठेवलें आहे. जिवंत आईचें पोट चिरून दोघांसही खात्रीनें वांचविण्याची विद्या मात्र पुष्कळ नंतरची.

'परिघ' हा शब्द वर्गांत आला कीं आम्हांस आमच्या धाकट्या आत्याची आठवण होत असे. आम्ही त्या वेळीं नऊ वर्षांचे होतों. कोंकणांतलें घर, आषाढाचा पाऊस, आणि माजघरापलीकडच्या खोलींत आत्या अडलेली. मूल आडवें आहे हें सुईणीनें पहिल्याच रात्रीं सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं बाळाचा हात बाहेर आला. तालुक्याच्या गांवीं डॉक्टर होते, गाडी-बैल दारांत होते, ओढ्याला अजून उतार होता. परंतु आजोबा एका यजमानांकडे अनुष्ठानास गेले होते, आणि त्यांच्या शब्दावांचून घरची लेक परक्या पुरुषाच्या हातीं द्यावी, हें ठरविण्याचें धैर्य घरांतल्या एकाही कर्त्या माणसास झालें नाहीं. आमच्या वडिलांसही नाहीं. माणूस पाठविला. आजोबा तिसऱ्या दिवशीं दुपारीं भिजत आले आणि अंगणांतूनच त्यांनीं विचारलें, "अजून नेली कां नाहीं?" तोंवर ओढ्याला पाणी चढलें होतें. आत्या दिवेलागणीस गेली. मूल आधींच गेलें होतें. या गोष्टीस पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. ज्या माणसाच्या अनुज्ञेसाठीं सगळें घर थांबलें होतें, त्याला ती अनुज्ञा मागण्याजोगी गोष्टच वाटली नव्हती.

युरोपांतील स्थितिही फार काळ याहून बरी नव्हती. ज्यूलियस सीझर असा जन्मला म्हणून 'सिझेरिअन' हें नांव पडलें, अशी समजूत आहे. ती खरी मानतां येत नाहीं. रोमन लोक ही क्रिया मृत वा मरणोन्मुख स्त्रीवरच करीत, आणि सीझरची आई ऑरेलिया तर तो कर्तासवरता होईपर्यंत हयात होती. कापणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हें नांव आलें असावें असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. व्युत्पत्तींत आम्ही याहून खोल शिरत नाहीं; तो आमचा जुना रोग आहे. पूर्वीं या क्रियेंत बहुतेक बाया मरत, आणि त्याचें एक मोठें कारण ऐकून आजच्या माणसास आश्चर्य वाटेल: पोट शिवीत, पण गर्भाशयास टांके घालीत नसत, तो आपोआप मिटतो अशी समजूत होती. रक्तस्रावानें वा पू होऊन बाळंतीण दगावे. १८७६ सालीं इटलींतील पाव्हिआ येथें एदुआर्दो पोरो यानें मूल काढून गर्भाशयच कापून टाकला आणि आई वांचविली. १८८२ सालीं लाइप्झिगच्या माक्स झेंगर यानें गर्भाशय नीट शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. मुडदुसानें कंबरेचीं हाडें आंवळलेल्या ठेंगण्या स्त्रियांवर ग्लासगोच्या मर्डॉक कॅमेरॉननें १८८८ पासून ही क्रिया यशस्वी करून दाखविली. मात्र ही विद्या एकट्या युरोपाची होती असेंही नव्हे: १८७९ मध्यें फेल्किन नांवाच्या इंग्रजानें युगांडांत एका देशी वैद्यास केळ्याच्या मद्यानें हात व पोट धुऊन हेंच कर्म करतांना पाहिलें, आणि आई व मूल दोघेंही सुखरूप राहिलीं. विसाव्या शतकांत गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची रीत रूढ झाली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आज बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून ही क्रिया करतात. आई जागी असते. थोड्याच मिनिटांत बाळाचें रडणें तिच्या कानीं पडतें, आणि बाकीचा वेळ टांक्यांचा.

आतां ती केव्हां करावी लागते? कांहीं कारणांपुढें वाद नाहीं. वार खालीं उतरून गर्भाशयाचें तोंड झांकून बसली असेल, तर कळांबरोबर आधीं वार सुटेल आणि आईचें रक्त पाहतां पाहतां वाहून जाईल. तेथें नैसर्गिक प्रसूतीचें नांव काढूं नये. पाणमोट फुटून बाळाच्या आधीं नाळ खालीं घसरली, तर ती दाबली जाऊन बाळाचा प्राणवायु तुटतो; तेथें मिनिटें मोजावयाचीं असतात. मूल आडवें असून वळत नसेल, डोकें आणि आईचें हाड यांचें माप न जुळल्यामुळें पुष्कळ तासांच्या जोरदार कळांनींही डोकें सरकत नसेल, किंवा जुन्या छेदाचा व्रण फाटूं लागल्याचीं चिन्हें दिसत असतील, तर तेंच. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटास साधारण ११० ते १६० असावयाचे. ते वारंवार खालीं जाऊं लागले, वर यावयास वेळ लावूं लागले, आणि प्रसूति अद्याप दूर असली, तर थांबण्यांत अर्थ नाहीं.

कांहीं कारणें तारतम्याचीं आहेत. पायाळू मुलाचेंच घ्या. आमच्या लहानपणीं पायाळू माणसास भूमिगत धन दिसतें आणि वीजही त्याच्यावरच पडते, असें सांगत. आमच्या वर्गांत असा एक मुलगा होता, त्यास पावसांत आम्ही जवळ उभें राहूं देत नसूं. अशा मुलांविषयीं अनेक देशांत मिळून केलेला एक मोठा अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून बहुतेक ठिकाणीं शस्त्रक्रियेकडे कल झुकला. परंतु दिवस भरत आल्यावर पोटावरून हातानें मूल वळवून पाहतां येतें, आणि सुमारें निम्म्या वेळां तें साधतें, हें पुष्कळ घरांना ठाऊकच नसतें. वाढलेला रक्तदाब, जुळीं, वाढ खुंटलेलें बाळ, यांतही प्रत्येक वेळीं शस्त्र लागतेंच असें नव्हे. तज्ज्ञानें त्या त्या आईपुरतें ठरवावयाचें असतें.

आणि कांहीं नुसतीं ऐकीव कारणें आहेत. "गळ्याला नाळेचा वेढा होता" हें त्यांतलें सर्वांत लोकप्रिय. असा वेढा दर चार-पांच बाळांतून एकाच्या गळ्याला असतो, आणि तीं बहुतेक सुखरूप जन्मतात. वेढ्यामुळें ठोके बिघडले तर तें कारण. नुसता वेढा हें कारण नव्हे. तसेंच कळांच्या मंदपणाचें. आई व बाळ ठीक असतील तर गर्भाशयाचें तोंड पांच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पुष्कळ लांबूं शकतो, आणि पुढेंही तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब प्रत्येकीस लावूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सांगितलें आहे. घरच्या मंडळींनीं बाहेरच्या बाकावर बसून दर अर्ध्या तासानें "अजून कसें नाहीं?" म्हणून विचारीत राहिल्यास आंतल्या माणसांचाही धीर सुटतो, हें आमच्या विद्यार्थिनीनें हंसत हंसत सांगितलें, आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ मध्यें आपल्या देशांत शंभरांपैकीं ८.५ प्रसूति शस्त्रक्रियेनें होत. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा २१.५ झाला. खाजगी इस्पितळांत तो ४७.४, सरकारींत १४.३. तेलंगणांत ६०.७, तर नागालँडांत ५.२. एकाच देशांतील बायांचीं शरीरें प्रांताप्रांतांत इतकीं भिन्न असतील हें संभवत नाहीं. लोकसंख्येंत हें प्रमाण शेंकडा दहापलीकडे गेल्यावर माता व अर्भकें यांचे मृत्यु त्यामुळें आणखी घटलेले दिसत नाहींत, असें जागतिक आरोग्य संघटनेचें २०१५ चें निवेदन आहे. म्हणजे एकीकडे गरज नसतां शस्त्र चालतें, आणि दुसरीकडे, आमच्या आत्यासारख्या बाईस, गरज असतां तें मिळत नाहीं. पहिल्याचा दोष सगळा डॉक्टरांवर टाकून मोकळें होणें आमच्या वर्गास आवडतें. पंचांग घेऊन इस्पितळाची पायरी चढणारे कोण, हेंही सांगावयास हवें. उलट "आम्हीं सहा-सहा घरींच काढलीं" असें सुनेस ऐकवून, शस्त्रक्रिया झालेलीस जन्मभर कमी लेखणाऱ्या वडीलधाऱ्या बायाही आमच्याच घरांतल्या. पोटाचे सगळे थर कापून घेऊन दुसऱ्या दिवशीं उठून मुलास पाजणाऱ्या मुलीला कळा सोसत नाहींत म्हणणें, हें आम्हांस समजत नाहीं.

विनाकारण शस्त्रक्रिया करूं नये, याचें मुख्य कारण पुढच्या बाळंतपणांत आहे. वार जुन्या व्रणावर येऊन गर्भाशयाच्या भिंतींत रुतून बसते. मग ती सुटत नाहीं आणि भयंकर रक्त जातें. अमेरिकेंतील २००६ सालच्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, वार खालीं असलेल्या बायांत अशी रुतलेली वार पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीं शंभरांत तीन जणींस असते. तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं चाळीस जणींस. म्हणून दोन बाळंतपणांत पुरेसें अंतर ठेवावें, आणि पुढची प्रसूति शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळांतच व्हावी.

"एकदां सिझर म्हणजे पुढें सिझरच" हें आमच्या स्नेह्यांचें वाक्य शंभर वर्षें जुनें आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर क्रेगिन यांनीं १९१६ सालीं या अर्थाचें लिहिलें, तेव्हां छेद गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा घेत, आणि तो पुढें फाटण्याचें भय मोठें असे. आज खालीं आडवा छेद घेतलेल्या व दुसरी अडचण नसलेल्या बाईनें प्रयत्न केला, तर शंभरांतील साठ ते ऐंशी जणींची प्रसूति नैसर्गिक होते. व्रण फाटण्याचा धोका सुमारें दोनशांत एक. तो लहान आहे, पण खोटा नाहीं. म्हणून असा प्रयत्न जेथें शस्त्रक्रिया तात्काळ होऊं शकते तेथेंच करावा. आणि जिला तो धोका पत्करावयाचा नाहीं, तिनें ठरवून दुसरी शस्त्रक्रिया करून घेणें हेंही अगदीं योग्य. डॉक्टरांस विचारावयाचें तें एवढेंच: आतां कारण काय, थोडें थांबलें तर काय होईल, आणि दुसरा मार्ग आहे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. मात्र "बाळाचे ठोके जात आहेत" हें उत्तर आल्यावर चौथा प्रश्न करूं नये.

मुहूर्ताकडे येऊं. दुसरें कारण नसतां एकोणचाळीस आठवड्यांपूर्वीं ठरवून मूल काढलें, तर त्याचीं फुप्फुसें पुरतीं सिद्ध झालेलीं नसण्याचा संभव असतो. अमेरिकेंत दुसऱ्यांदा ठरवून शस्त्रक्रिया झालेल्या बायांच्या बाळांची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. श्वासाचा वा दुसरा गंभीर त्रास एकोणचाळिसाव्या आठवड्यांत शंभरांत आठ बाळांस, अडतिसाव्यांत अकरांस, आणि सदतिसाव्यांत पंधरांस झाला होता. आमच्या स्नेह्यांचे गौरींचे बारा दिवस म्हणजे बरोबर सदतिसावा आठवडा. लक्ष्मी घरीं यावयाची ती प्रथम कांचेच्या पेटींत जाऊन यावी, हें त्यांस रुचलें असतें काय? मुहूर्ताचा आधार शास्त्रांतून देणाऱ्यांस आम्ही पुन्हां सुश्रुताकडेच पाठवितों. शस्त्रकर्म शुभ तिथि-नक्षत्रावर करावें असें तो सांगतो खरें. पण त्याच अध्यायांत, तातडीच्या रोगांत हा विधि पाहत बसूं नये, पेटलेल्या घरांत जशी धांव घ्यावी तशी घ्यावी, असेंही त्यानें स्पष्ट लिहिलें आहे.

आणि अधिपतीची अनुज्ञा? तीही आतां दुसऱ्या कोणाची राहिलेली नाहीं. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या देहावरील शस्त्रक्रियेस तिचीच संमति हवी, तिच्या आईची संमतिही तिच्या जागीं चालत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं एका खटल्यांत दिला आहे. पति, सासरे, दीर यांनीं जवळ असावें, रक्ताची व पैशाची तजवीज करावी, सही तिची.

बाळंतपणाच्या खोलीविषयीं दोन शब्द. शेगडीचा शेक टांक्यांपासून दूर ठेवावा. दहा दिवस अंधारांत निजवून ठेवूं नये. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हां, बहुधा दुसऱ्याच दिवशीं, चालवावें. दूध शस्त्रक्रियेनें आटत नाहीं. आई शुद्धीवर असेल तर बाळास लवकरांत लवकर अंगावर घ्यावें.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं वेळ काढून दिली नाहीं. ते आठ दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. गौरी आल्या आणि गेल्या. वद्य द्वितीयेस पहाटे सूनबाईंस आपोआप कळा सुरू झाल्या. नऊ तास सगळें ठीक चाललें होतें. मग बाळाचे ठोके खालीं जाऊं लागले, आणि आतां शस्त्रक्रिया करावी लागेल, असें डॉक्टरबाईंनीं कारणासह सांगितलें. चिरंजीव त्या वेळीं बेंगळूरहून येत होते, सासूबाई घरीं थोरल्या नातीजवळ होत्या, आणि आमचे स्नेही खालीं गाडी लावावयास जागा शोधीत होते. सूनबाईंनीं कागद वाचला आणि सही केली. स्नेही वर आले तेव्हां नातवाचें वजन करणें चाललें होतें. दोन किलो नऊशें ग्रॅम भरलें.

तिसऱ्या दिवशीं त्यांचा दूरध्वनि आला. "मास्तर, घरांत सोयर आलें. वडिलांची तिथि षष्ठीची. पक्षाचें आतां काय करायचें?" सूर्य वृश्चिकेस जाईपर्यंत महालय करतां येतो, चांगले दोन महिने हाताशीं आहेत, असें आम्हीं सांगितलें. "मग हें तुम्हीं तेव्हांच कां नाहीं सांगितलें?" असें त्यांनीं विचारलें. नांवाचें अक्षर मात्र त्यांनीं अद्याप विचारलेलें नाहीं. सूनबाईंनीं नांव आधींच ठरवून ठेवलें आहे, असें आमच्या घरून कळतें.